पाचव्या टॅपेटची टकटक

दादा दुपारी येणार होता आणि इंजिन अजून वाजत होतं.

आवाज फार मोठा नव्हता. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला तो ऐकूही आला नसता. पण बॉनेटखाली मान घातली, की इंजिनाच्या त्या तृप्त घरघरीत कुणीतरी नखानं टेबल वाजवत बसल्यासारखं टक, टक, टक. ॲक्सिलरेटर दाबला की टकटकही पळत सुटायची.

"येतंय का ऐकू?" आत्यानं ड्रायव्हिंग सीटवरून ओरडून विचारलं.

"येतंय."

"मला नाही बाई येत."

"तुला ऐकायचं नाहीये, म्हणून."

"हं. तेही खरंच," असं म्हणून तिनं इंजिन बंद केलं. शेडमध्ये एकदम शांतता झाली. गरम लोखंडाचा आणि ताज्या ऑइलचा वास तेवढा राहिला.

ही गाडी आत्याची. गावातल्या निम्म्या बायका या गाडीवर ड्रायव्हिंग शिकल्या. चालवणाऱ्याला क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर आणि शेजारी बसणाऱ्या आत्याला एक स्वतंत्र ब्रेक, अशी तिची रचना. शिकवायची आत्याची पद्धत एकच होती. आरसा, गिअर, वळण, सगळं नंतर. आधी ती विचारायची, "पायाखाली काय आहे?" उत्तर मोठ्यानं द्यायचं. "क्लच!" "ब्रेक!" मनातल्या मनात म्हटलेलं चालत नसे. मीही तशीच शिकले. अजूनही कधी कधी रिकाम्या रस्त्यावर मी एकटीच "क्लच" असं म्हणते.

पुढे ही ड्रायव्हिंगची शाळा बंद झाली, इंजिन जाम झालं आणि गाडी शेडमध्ये पडून राहिली. आता आत्या कायमची दादाकडे राहायला निघाली होती. दादा म्हणजे तिचा मुलगा, माझा आतेभाऊ, दातांचा डॉक्टर. त्याचं शहर इथून दिवसभराच्या रस्त्यावर, मध्ये एक मोठा घाट. घर चांगलं, सून प्रेमळ, आत्याला खोली तयार. आत्याची अट एवढीच होती, की ती आपल्या गाडीनं जाणार, स्वतः चालवत.

"कुणाच्या तरी गाडीतून गेलं की परत यायला कुणीतरी पोचवायला लागतं," ती म्हणाली होती. "दारात माझी गाडी उभी असली, म्हणजे मी मर्जीनं राहिलेली बाई. नाहीतर ठेवलेलं सामान."

दादाचीही अट होती. इंजिन आम्ही दोघींनी उघडून पुन्हा बांधायला त्याची हरकत नव्हती. पण निघायच्या दिवशी त्यात एक जरी विचित्र आवाज असला, तर आत्या त्याच्या गाडीतून येणार आणि ही गाडी तंत्रशाळेला द्यायची. तिथली मुलं ती खोलतील, जोडतील, पुन्हा खोलतील. आत्यानं त्याच्या हातावर हात मारला होता. दिलेला शब्द फिरवणं तिच्या स्वभावात नाही, हीच तर अडचण होती.

"बोल," आत्या गाडीतून उतरत म्हणाली. "काय काय बघून झालं?"

मी इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, टॅपेट कव्हर, काढलं. आत आठ रॉकर एका दांड्यावर ओळीनं बसलेले. प्रत्येक रॉकर म्हणजे बागेतला छोटा सी-सॉ. खालून एक सळई त्याचं एक टोक वर ढकलते, मग दुसरं टोक खाली जाऊन व्हॉल्व्ह उघडतं. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते. कमी झाली तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. जास्त झाली तर रॉकर प्रत्येक वेळी व्हॉल्व्हच्या डोक्यावर हातोडीसारखा आपटतो आणि वाजतो.

ही फट मोजणं माझ्याकडे होतं. माझी नोकरीच ती आहे. मापांच्या प्रयोगशाळेत मी लोकांची वजनं, पट्ट्या आणि गेज तपासते. ती खरं बोलतात की नाही, एवढंच मला सांगायचं असतं.

"ऑइल सगळ्या रॉकरवर येतंय," मी म्हणाले. "सळया काचेवर लोळवून बघितल्या, सरळ आहेत. स्प्रिंगा सारख्या उंचीच्या आहेत. फटी सगळ्या बरोबर."

"मग वाजतंय कोण?"

"तेच आता इंजिनालाच विचारू. तू चालू कर."

कव्हर न लावता इंजिन चालू केलं, की ऑइलचे तुषार उडतात. मी जुना रेनकोट उलटा घातला आणि फटी मोजायच्या फिलर गेजमधली योग्य जाडीची पातळ पट्टी काढली. चालत्या रॉकरखाली पट्टी सरकवायची. ज्याच्या खाली ती गेल्यावर आवाज थांबेल, तो गुन्हेगार. पहिला, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्यानं पट्टी हातातून हिसकावली आणि माझ्या चष्म्यावर ऑइलचा थेंब उडवला. चौथा, काही नाही. पाचव्याखाली पट्टी गेली आणि टकटक गप्प झाली.

पट्टी बाहेर काढली. टक, टक, टक. आत घातली. शांत.

"सापडला!" मी ओरडले. आत्यानं आनंदानं हॉर्न वाजवला.

इंजिन बंद करून मी पाचव्याची फट मोजली. बरोबर. पुन्हा मोजली. पट्टी आत जाताना जसा हलका लोण्यासारखा अडथळा लागायला हवा, तस्साच लागत होता. फट बरोबर होती आणि तीच फट बुजवली की आवाज थांबत होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं शक्य नव्हतं. कामावर असं वर्षातून एखाद्या वेळी होतं आणि त्या दिवशी मला जेवायची आठवण राहत नाही.

पाचव्या आणि सहाव्याच्या सळया मी आपसात बदलल्या. टकटक पाचव्यालाच राहिली.

"तुझी पट्टी खोटं बोलतेय," आत्या म्हणाली.

"माझी पट्टी खोटं बोलत नाही."

"मग रॉकर बोलतोय."

"रॉकर तर मी स्वतः पॉलिश केलेत. आरशासारखे. नवे घेऊ म्हटलं तर तूच नको म्हणालीस."

"माझ्या गाडीचे आहेत ते. दात आहेत तोवर कवळी कशाला?"

"आई, दातांबद्दल माझ्या माघारी बोलायचं नाही हं," असं म्हणत दादा शेडच्या दारात उभा राहिला. टाय-बिय लावलेली, हातात दवाखान्याची बॅग. आदल्या दिवशी निघून त्यानं वाटेत मुक्काम केला होता, तिथल्या एका आजोबांच्या घरी कवळी बसवून तो सकाळीच मोकळा झाला होता आणि दुपारऐवजी आत्ताच आला होता.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मग ती सरळ गाडीत बसली आणि तिनं इंजिन चालू केलं. लपवाछपवी तिला जमत नाही.

दादानं मान वाकडी करून ऐकलं. "आई, वाजतंय."

"वाजतंय."

"आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. पण तू दुपारी येणार होतास, हेही ठरलं होतं. चहा होईपर्यंत तरी थांबशील की नाही?"

दादा हसला. "बरं. चहा होईपर्यंत."

"मग चहा मीच करते," आत्या म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे निघाली. इतक्या हळू चालताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. खिडकीतून दिसत होतं, तिनं पातेलं घासायला घेतलं. घासलेलंच पातेलं.

मी गाडीत शिरून आत्याच्या नेहमीच्या, शेजारच्या सीटवर बसले. हातात ती पट्टी. डोक्यात एकच प्रश्न फिरत होता आणि तो आत्याच्याच आवाजात होता. पायाखाली काय आहे? रॉकरच्या पायाखाली काय आहे? पट्टी. पट्टीच्या खाली? व्हॉल्व्ह. पट्टी कशाला टेकलीय, बोल मोठ्यानं.

"रॉकरला," मी मोठ्यानं म्हणाले.

"काय?" बाहेरून दादा.

"काही नाही."

माझी नजर खाली गेली. समोर आत्याचा ब्रेक. चालवणाऱ्याच्या ब्रेकवर शेकडो बायकांचे पाय पडले असतील, तरी त्याच्या रबरावरच्या रेघा अजून दिसत होत्या. आत्याच्या ब्रेकचं रबर मात्र मधोमध पार खोलगट झालेलं. एकच पाय, एकच चवडा, एकच जागा आणि दाबणारी आत्या. मला हसू आलं. काही कारण नसताना मी वाकून हातातली पट्टी त्या पॅडलवर आडवी ठेवली.

पट्टी दोन्ही काठांवर छान सपाट बसली. तिच्याखालून उजेड दिसत होता.

मी इतक्या जोरात उठले की डोकं गाडीच्या छताला आपटलं.

"दादा! तुझ्या बॅगेत तो निळा कागद आहे? पेशंटला चावायला देतोस तो, दात कुठं टेकतो ते बघायला?"

"आहे की. कुणाचा दात?"

"पाचव्याचा!"

दादानं टाय शर्टाच्या आत खोचली आणि बॅग उघडली.

मी पट्टीवर निळ्या कागदाचा तुकडा ठेवला, दोन्ही मिळून पाचव्या रॉकरखाली सरकवले आणि रॉकर अंगठ्यानं दाबला. दादानं आपला दातांचा इवलासा आरसा खाली धरला, टॉर्च मारला, आणि त्याचा आवाज एकदम दवाखान्यातला झाला. "हं. बघ इथं. दोन काठांवर दोन निळ्या रेघा. मध्ये कोरं. मध्ये टेकतच नाहीये. खड्डा आहे."

"व्हॉल्व्हनं ठोकून ठोकून पाडलेला," मी म्हणाले. "खड्डा व्हॉल्व्हच्या डोक्याएवढाच रुंद आहे. पट्टी त्याहून रुंद. ती काठांवर बसते, मला वाटतं फट बरोबर. व्हॉल्व्हचं डोकं मात्र थेट खड्ड्यात जातं. खरी फट म्हणजे पट्टी अधिक खड्डा!"

"आणि दिसला कसा नाही आपल्याला?"

"मी पॉलिश केला ना. कडा गुळगुळीत झाल्या, खड्डाही चकाकला. नुसती चमक बघून मी खूश."

खिडकीतून आत्या डोकावली. "काय झालं रे? दूध तापत आलंय."

"आई, गॅस बारीक कर!" दादा ओरडला. "बंदच कर!"

आता प्रश्न होता, पट्टी चालत नाही तर फट ठेवायची कशी. पण फट कमीजास्त करायला रॉकरच्या दुसऱ्या टोकाला एक स्क्रू असतो, आणि स्क्रू पूर्ण एकदा फिरवला की किती सरकतो हे त्याच्या आट्यांवरून मोजता येतं. रॉकरचे दोन्ही हात सारख्या लांबीचे नाहीत, तेवढा हिशोब त्यात धरायचा. मी सुट्या भागांच्या खोक्याचा पुठ्ठा गोल कापला, त्यावर कोन आखले आणि मध्ये भोक पाडलं. स्क्रू घट्ट करत जायचं, रॉकर अजिबात हलेनासा झाला की ते शून्य. तिथून ठरलेल्या कोनाएवढं मागं फिरवायचं. पट्टीची गरजच नाही.

पहिल्यांदा स्क्रू जागेवर धरणारा नट आवळताना स्क्रूही सोबत फिरला आणि सगळं वाया गेलं.

"परत," दादा म्हणाला. त्यानं बाही वर सारून पाना धरला. "मी नट धरतो, तू स्क्रूड्रायव्हर हलू देऊ नकोस. आणि तोंड उघडं ठेवायचं, थुंकायचं नाही."

"कुणाला सांगतोस?"

"सवय आहे गं."

या वेळी स्क्रू हलला नाही. बाकीचे सातही आम्ही निळ्या कागदानं तपासले. त्यांचे डाग मधोमध, अखंड आले. मी कव्हर बसवलं. आत्या पदराला हात पुसत आली, चहाविनाच, आणि काही न विचारता स्टिअरिंगमागे बसली.

इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं.

मी ऐकत होते, पण मला माझ्या कानांचा भरवसा वाटेना. हवं ते ऐकू येण्याचा रोग घरातच आहे. दादानं लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक कव्हरवर पाचव्याच्या जागी टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डोळे मिटले. आत्यानं हळूच इंजिनाचा वेग वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. दादा हलेना.

"काय?" शेवटी तिच्यानं राहवेना.

"थांब. सापडत नाहीये."

"काय सापडत नाहीये?"

"टकटक," दादा म्हणाला आणि त्यानं डोळे उघडले. कानाच्या पाळीला ऑइल, टाय पुन्हा बाहेर आलेली, तिच्या टोकालाही ऑइल. शाळेतून पहिला नंबर घेऊन यायचा तेव्हा तो असाच दिसायचा.

आत्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि अंगठ्यांनी ते हलकेच दाबलं.

"पण तिकडे पोचलीस की पाचवा रॉकर नवा घालायचा," मी म्हणाले. "एवढ्या प्रवासात खड्डा वाढणार नाही, पण कायमचा ठेवायचा नाही."

"घालू," आत्या म्हणाली. "आठही घालू. दवाखाना घरातच आहे म्हटल्यावर कवळीला काय घाबरायचं."

दादाची गाडी मी मागून घेऊन यायची, असं ठरलं. सामान तिच्यात. दादा आत्याच्या शेजारी बसणार, कारण घाट होता आणि त्याला काळजी होती. आत्यानं सीट पुढं ओढली, आरसा नीट केला, माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. गाडी शेडमधून बाहेर सरकली आणि रस्त्याच्या कडेला येऊन थबकली. झटका बसून थबकली. आत्यानं ब्रेक लावलेला नव्हता.

तिनं मान वळवून लेकाकडे पाहिलं. मी मागच्या गाडीची काच खाली केली होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"पायाखाली काय आहे?"

दादा काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं."

"ब्रेक," दादा म्हणाला.

"मग पाय काढ तिथून."

त्यानं पाय मागे घेऊन मांडी घातली. इंजिन घरघरलं, आणि आत्यानं उजवीकडे, घाटाच्या दिशेनं, गाडी वळवली.