रद्द करायचं बटण

मलेशियातल्या इपो शहराच्या जुन्या बाजारात लिओंग स्यू योकचं भरतकामाचं दुकान होतं. शाळांचे बिल्ले, गणवेशावरची नावं, दवाखान्यांचे डगले. तीस वर्षं हाच धंदा. चित्र दाखवलं की मशीनला टाके आखून देणारं एक सॉफ्टवेअर तिनं घेतलं होतं, वर्षाला नऊशे रिंगिट. ते विकायला टेरेन्स चिआ आला होता. हातात बिस्किटांचा डबा आणि तोंडात साखर.

चार वर्षं बरी गेली. मग एका सोमवारी संगणक लावला, तर पडद्यावर दोनच ओळी : ‘हे उत्पादन बंद करण्यात आले आहे. आपल्या विश्वासाबद्दल आभार.’ स्यू योकनं दोन शिव्या हासडल्या, ताइपिंगच्या एका शिंप्याकडून दुसरं सॉफ्टवेअर घेतलं आणि कामाला लागली.

पुढच्या मे महिन्यात कार्डावरून नऊशे गेले. मागची काही बाकी असेल, आपणच विसरलो असू, असं म्हणून ती गप्प बसली. त्याच्या पुढच्या मे महिन्यातही गेले. मग मात्र तिनं टेरेन्सला फोन लावला.

“आंटी, वर्गणी आपोआप पुढे चालू राहते. करारात लिहिलंय.”

“कशाची वर्गणी? तुमची वस्तूच मेली.”

“वस्तू बंद झाली, आंटी. वर्गणी चालू आहे. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.”

“मग ती रद्द कर.”

“मला नाही करता येत. ते तुम्हीच करायचं. सॉफ्टवेअर उघडा, ‘माझं खातं’मध्ये जा, अगदी तळाशी बटण आहे.”

“अरे, ते उघडत नाही.”

“हो, ते बंद झालंय ना.”

हे तो इतक्या सहज बोलला की घटकाभर स्यू योकला वाटलं, आपल्यालाच काही कळत नाहीये. फोन ठेवल्यावर तिला त्याच्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

बँकेतल्या मुलीनं गोड हसून कार्ड बदलून दिलं. तिसऱ्या वर्षी पैसे नव्या कार्डावरून गेले. माणसानं घर बदललं तरी भुताला पत्ता बरोबर सापडतो, तसं.

तेव्हा तिनं पाच रिंगिट भरून ग्राहक न्यायाधिकरणात अर्ज टाकला. शेजारचा कॉफीवाला आह सेंग म्हणाला, “अगं, मोठी कंपनी आहे. वकिलांची फौज आणतील.”

“तिथे वकिलांना मज्जाव आहे. ज्यानं विकलं त्यालाच यावं लागेल.”

आणि टेरेन्सच आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीची पट्टी, तिच्यावर ‘ग्राहक आनंद अधिकारी’. सुनावणीआधी त्यानं तिला बाकावर गाठलं.

“आंटी, कशाला हे सगळं? तक्रार मागे घ्या. आमचं नवं सॉफ्टवेअर वर्षभर फुकट देतो. इथे सही करा.”

स्यू योक थकली होती. सकाळपासून दुकान बंद, आणि जुन्या संगणकाचं धूड तिनं दोऱ्याच्या रिळांच्या खोक्यात घालून टॅक्सीनं आणलं होतं. तिनं पेन हातात घेतलंसुद्धा. पण कापडाची कडा तपासल्याशिवाय कात्री न लावायची तिची सवय. तिनं कागद उलटून पाहिला. मागे बारीक अक्षरात होतं : वर्षानंतर वर्गणी आपोआप सुरू होईल.

“तुझ्या आईला विकलं असतंस का रे हे?” तिनं विचारलं आणि पेन परत दिलं.

टेरेन्सनं कागद घडी घालून फाइलीत ठेवला.

आत अध्यक्षा पुआन, म्हणजे श्रीमती, नॉरहाशिमा बसल्या होत्या. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं. टेरेन्स म्हणाला, “रद्द करायची सोय ग्राहकाला पूर्ण उपलब्ध होती. यांनी ती वापरली नाही.”

“कुठे आहे ती सोय?”

“सॉफ्टवेअरमध्ये.”

“मॅडम लिओंग, संगणक आणलाय ना? लावा. मिस्टर चिआ, तुम्ही या आणि ते बटण मला दाखवा.”

टेरेन्स उठला. त्यानं चिन्हावर टिचकी मारली. पडद्यावर त्याच दोन ओळी आल्या. त्यानं पुन्हा मारली, मग एकदा बंद करून उघडून पाहिलं.

“आमचा सर्व्हर बंद केलाय, त्यामुळे...”

“कधी?”

“तीन वर्षं झाली.”

“मग या तीन वर्षांत तुम्ही यांना नेमकं काय दिलंत?”

टेरेन्सनं फाइल चाळली. चाळता चाळता त्याला एक शब्द सापडला. “सेवेतलं सातत्य,” तो म्हणाला.

कारकुनानं मान खाली घालून खोकल्याचं निमित्त केलं. पुआन नॉरहाशिमा हसल्या नाहीत. त्यांनी आदेश सांगितला : तिन्ही वर्षांचे पैसे चौदा दिवसांत परत, आणि वर्गणी कंपनीनंच बंद करायची. बटण असो वा नसो.

तेराव्या दिवशी धनादेश आला. सोबत पत्र होतं : ‘आमची एक मौल्यवान ग्राहक म्हणून, केवळ सदिच्छेपोटी ही रक्कम देत आहोत.’ पैसे कापले गेले तेव्हासुद्धा स्यू योक इतकी भडकली नव्हती. तिनं आधी धनादेश बँकेत भरला. मग लाल पेननं ‘सदिच्छेपोटी’ खोडलं, वर ‘आदेशावरून’ लिहिलं आणि पदरचं तिकीट लावून पत्र कंपनीला परत धाडलं.

संध्याकाळी आह सेंगनं कॉफी आणून ठेवली. “मग, जिंकलीस म्हणायचं.”

“माझेच पैसे मला मिळाले. त्याला जिंकणं म्हणत असशील तर म्हण बापडा.” तिनं मशीनखालचा बिल्ला ओढून दोरा तोडला. “तीन वर्षं मी स्वतःला मूर्ख समजत होते. ते कोण परत करणार?”

शुक्रवारपर्यंत कॉन्व्हेंटचे एकशेचाळीस बिल्ले द्यायचे होते. तिनं दुसरं कापड चौकटीत ताणून बसवलं.