लॉर्नाच्या सायकलीचा ड्रॉपर

मित्रांनो, डोंगरात चालवायच्या सायकलीच्या सीटखाली एक दांडा असतो. हँडलवरचा खटका दाबून सीटवर भार दिला की तो खाली बसतो. भार काढून पुन्हा खटका दाबला की वर येतो. त्याला ड्रॉपर म्हणतात. मी तसाच एक ड्रॉपर आहे, नऊ वर्षांचा. कारखान्यात माझी नळी इतकी घोटली होती की तिच्यावर बोट ठरत नसे.

फर्नी गावात शाळेची बस चालवणाऱ्या लॉर्ना किलब्राइडने मला बसवून घेतलं. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं; उंच सीटवरून पाय पलीकडे टाकणं जमत नव्हतं. मी खाली बसलो की ती सहज स्वार होई. "हा नसता तर मी घरात विणत बसले असते," असं ती भेटेल त्याला सांगे.

कौतुक पुष्कळ झालं, पण मला उघडून कोणी पाहिलं नाही. चिखलातून घरी आलं की लॉर्ना अंगणात पाण्याचा जोरदार फवारा थेट माझ्या गळ्यावर, म्हणजे दांडा नळीत शिरतो तिथे, मारी. तिथल्या रबरी कड्याखालून पाणी आणि बारीक माती आत जात राहिली. माझी हालचाल जड झाली.

सायकली दुरुस्त करणारा डूगल एकदा म्हणाला, "अगं, हा कुरकुरतोय. आणून टाक, उघडून बघतो."

"चालतोय की अजून!" लॉर्नाने सीटवर तळहात आपटला. मी कसाबसा बसलो.

ऑक्टोबरात एका उभ्या उतारावर तिने खटका दाबला आणि मी बसलो नाही. तोल राखायला तिला अंग मागे न्यायचं होतं. उंच सीट आडवी आली. ती हँडलवरून पुढे फेकली गेली. खांद्याचं हाड मोडलं.

"बास झालं आता," तिचा नवरा एमेट म्हणाला. "विकून टाकू सायकल. एकसष्टची आहेस तू, सोळाची नाहीस."

उतारावर आपणच कमी पडलो, असं लॉर्नालाही वाटत होतं.

विकण्याआधी सायकल डूगलकडे गेली. त्याने मला बाहेर काढलं, गळ्याची कडी फिरवून सोडली. आतून तपकिरी लगदा निघाला. तो कागदावर घेऊन डूगल तिच्या घरी गेला.

"हे बघ. उतारावर तू चुकली नाहीस. तू चुकलीस अंगणात, पाइप हातात घेऊन."

लॉर्नाने कागदावरचा लगदा बोटाने चोळून पाहिला. मग एमेटला म्हणाली, "ऐकलंस? वयानं नाही पाडलं मला. आता हे काम मी शिकणार. तू दांडा धरायला चल."

"मी कशाला?"

"माझा एक हात गळ्यात बांधलाय, दिसत नाही?"

डूगलच्या दुकानात एमेटने दांडा धरला. जुनं ग्रीस पुसलं गेलं, नवं लागलं, रबरी कडं बदललं. सायकलीत परत बसवल्यावर एमेटने स्वतः सीट दाबून पाहिली, एकदा नाही, चारदा. विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

मे महिन्यात लॉर्ना त्याच उतारावर गेली. तिने खटका दाबला, मी बसलो. खाली पोचल्यावर ती थांबलीसुद्धा नाही.

मित्रांनो, आम्हाला फार लागत नाही. प्रत्येक फेरीनंतर ओल्या फडक्याचा एक हात, वर्षातून एकदा उघडून पुसणं, आणि कुरकुरलो तर ऐकून घेणं. एवढंही झालं नाही की आम्ही ऐन उतारावर अडकतो, आणि दोष मात्र चालवणाऱ्याच्या वयाला लागतो.