पावणेतीन मेगापिक्सेल

घोडोबाच्या दगडावर मजकूर नाही, हे सरकारी पाहणीने एका दुपारी चार मिनिटांत आणि बारा मेगापिक्सेलमध्ये ठरवून टाकले.

हा दगड उंबरदऱ्याच्या बारवेशेजारी चिंचेखाली उभा होता. पुरुषभर उंच, काळा, शनिवारच्या तेलाने तुळतुळीत झालेला. खालच्या अंगाला झिजलेले एक जनावर कोरलेले होते. गावाने त्याला घोडा मानले होते, आणि म्हैस विताना अडली की बाया त्याच्यावर वाटीभर तेल ओतीत. वरच्या अंगावर हात फिरवला तर बोटांना खाचा लागत. डोळ्यांना मात्र काही दिसत नसे. अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात तीस वर्षे इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या कावेरीबाईंनी मागचे दोन हिवाळे खर्ची घालून त्या खाचा वाचल्या होत्या. आठ ओळी. शके अकराशे सहासष्ट.

पाहणीला आलेला उत्तरेश्वर हा त्यांचाच विद्यार्थी. तालुक्यातल्या जुन्या वास्तूंच्या नोंदणीचे कंत्राटी काम त्याला मिळाले होते आणि कामाबरोबर एक नवा कोरा, रुपेरी, सदऱ्याच्या खिशात मावणारा कॅमेराही. तो दगडासमोर उभा राहिला, कॅमेऱ्याच्या कपाळावरचा दिवा लखकन चमकला, आणि मागच्या पडद्यावर तेलकट दगडाच्या ऐन मध्यावर पांढरा गोळा उमटला. उरलेला दगड सपाट. शेजारी म्हशीला पेंड घालणारी सुंदरबाई डोकावून म्हणाली, "घोडोबाच्या पोटात चांद उगवला की." उत्तरेश्वराने आणखी तीन फोटो घेतले, चांद तेवढा डावीउजवीकडे सरकला. मग त्याने फॉर्मात लिहिले: एक जनावर, बहुधा घोडा, मजकूर आढळत नाही.

तेव्हा कावेरीबाईंनी आपली पिशवी उघडली.

त्यांचा कॅमेरा औरंगाबादच्या एका वृत्तपत्र-छायाचित्रकाराने वापरून वापरून विकलेला होता. एके काळी ज्याच्यासाठी व्यावसायिकांनी जीव टाकला असेल असा डीएसएलआर. आता वय वर्षे दहा, वजन सव्वा किलो, कोपऱ्यांवरचा रंग उडालेला, मुठीचे रबर सायकलच्या सोल्यूशनने चिकटवलेले. त्याचे दोष बाईंना तोंडपाठ होते. चाळीस फोटो झाले की बॅटरी मान टाकी. उजेड कमी पडला की चित्रात रवा सांडल्यासारखे ठिपके येत. मागचा पडदा पोस्टाच्या तिकिटाएवढा, आणि मेगापिक्सेल अवघे पावणेतीन. उत्तरेश्वराचा कॅमेरा यापैकी कशातही कमी नव्हता, आणि हे कबूल करायला बाईंना काही जड जात नव्हते. पण या जुन्या धुडाच्या माथ्यावर धातूची एक खाच होती. तिला वायर जोडून दिवा हातभर दूर, हव्या त्या बाजूला नेता येई.

सुंदरबाई आणि तिची जाऊ मंजुळाबाई यांना त्यांनी घोंगडी ताणून सावली धरायला लावले. राखेने तेल पुसून काढले. मग दिवा दगडाच्या कडेला, अगदी गालाला गाल लावावा तसा, आडवा धरला. उजेड दगडावरून घसरत गेला. प्रत्येक खाचेचा एक काठ उजळला, दुसरा काळोखात राहिला. तिकिटाएवढ्या पडद्यावर आठ ओळी उठून बसल्या. आणि खालच्या घोड्याला कान फुटले. लांब, उभे, कसलीही शंका ठेवू न देणारे कान.

सुंदरबाईने पडदा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "बाई, ह्ये घोडं न्हाई. ह्ये गाढव हाय." कॅमेरा परत देत ती म्हणाली, "असंल तर असू दे. तेल लावताना कवा लाथ मारली न्हाई त्यानं."

उत्तरेश्वराने पाहिले. त्याचा चेहरा परीक्षेत येत असलेला प्रश्न निघावा तसा उजळला आणि लगेच विझला. त्याने फॉर्म उलटून मागची अट दाखवली: छायाचित्र किमान दहा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने घेतलेले असावे. बाईंनी सुचवले की मग त्याचा कॅमेरा आणि आपला दिवा असे करून पाहू. पण तो कॅमेरा परक्या दिव्याला ओळखच देत नव्हता, त्याला खाच नव्हती. त्याचा स्वतःचा दिवा बंद करून घोंगडीखाली फोटो घेतला तर त्याने सगळे पुसट करून ठेवले. जीप हॉर्न वाजवत होती. संध्याकाळपर्यंत अजून अकरा ठिकाणे व्हायची होती.

"तुला अक्षरे दिसली का?" बाईंनी विचारले.

"दिसली."

"मग लिही."

"मला दिसलेलं चालत न्हाई, मॅडम. कॅमेऱ्याला दिसावं लागतं. तुमचा पावणेतीनचा, माझा बाराचा. वर काय सांगू मी?"

बाजार खुला झाल्यापासून या देशाने प्रत्येक वस्तूच्या खोक्यावर एक आकडा छापायला शिकून घेतले होते आणि ज्याचा आकडा मोठा त्याचे म्हणणे खरे धरायलाही. शिक्षणाला टक्के होते, मोबाइलला मिनिटे होती, आता पुराव्यालाही मेगापिक्सेल आले. तेराव्या शतकातल्या माणसाने दगडावर छिन्नी चालवताना हा विचार केला नव्हता, ही त्याची चूकच म्हणायची.

'मजकूर आढळत नाही' या एका वाक्याची वाट पाहणारा माणूस गावातच होता. राधाकिशनअण्णा हे गावच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. वडिलांच्या नावे शाळेला दगडी कमान बांधायला निघालेले. घोडोबाचा दगड त्यांच्या डोळ्यांत भरला होता. गावाला त्यांनी संगमरवरी घोडा कबूल केला होता, पूजेसह. जुन्या दगडातला देव नव्या घोड्यात जायचा, म्हणजे दगड मोकळा. अडचण एकच होती, ही निवृत्त बाई काहीतरी लिहिलेय लिहिलेय म्हणून कागद पाठवत बसली होती. आता सरकारनेच कागद दिला. सोमवारी सकाळी आश्रुबा पाथरवट दगड मधोमध फोडणार. खालच्या अर्ध्याची पायरी, वरच्या अर्ध्याची घासूनपुसून कोनशिला.

अण्णा स्वतः बाईंना भेटायला बारवेवर आले, आणि आदराने बोलले. कमानीच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुण्या म्हणून बाईंचे नाव पत्रिकेत घालायचे त्यांच्या मनात होते. बाईंनी नकार दिल्यावर ते हसले.

"दगडावर मजकूर न्हाई म्हन्त्यात ना मॅडम, मग घालूया की. आमच्या वडलांचा."

"आहे तो आधी वाचून घ्या, अण्णा."

"कुनाला दिसतोय पर?"

तो शुक्रवार होता. शनिवारी बाई बीडला जाऊन आल्या. तिथल्या कार्यालयात एका सभ्य माणसाने त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि हरकत विहित नमुन्यात साठ दिवसांत नोंदवता येते अशी माहिती दिली. साठ दिवस बाईंकडे होते. दगडाकडे दीड दिवस होता.

परतीच्या एस.टी.त त्यांना अण्णांचा प्रश्न पुन्हा पुन्हा आठवत राहिला. कुनाला दिसतोय? रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, केजपासून अंबाजोगाईपर्यंत, काय दिसते ते मात्र त्यांना दिसत होते: प्रत्येक चौकात, प्रत्येक फाट्यावर, बांबूंना ताणलेले फ्लेक्स. वाढदिवस, निवड, फेरनिवड. मधोमध एक मोठे डोके, खाली शुभेच्छुकांच्या लहान डोक्यांची रांग. या जिल्ह्यात जे वाचले जाते ते कुठे लिहिले जाते, हे तीस वर्षे शोधनिबंध लिहिणाऱ्या बाईंना त्या प्रवासात उमगले, आणि उमगल्याचा त्यांना रागच आला.

अंबाजोगाईच्या बसस्थानकासमोर हनुमानचे फ्लेक्सचे दुकान होते. त्याने बाईंच्या कॅमेऱ्याचे कार्ड संगणकाला लावले, फोटो पाहिला आणि मान हलवली. पावणेतीनमध्ये फोटो फाटतो, म्हणाला. म्हणजे मोठा करताना त्याचे चौकोन सुटे होऊन दिसतात. बाईंनी विचारले, किती लांबून बघितला तर फाटलेला दिसत नाही? हनुमान म्हणाला, पाच-सात पावलांवरून. तेवढी पावले गाव मागे उभे राहील, बाई म्हणाल्या. आकार? अण्णांच्या वाढदिवसाला जो केला होतास तोच.

फोटोशेजारी आठही ओळींचे आजच्या मराठीत वाचन द्यायचे होते. बाई सांगत होत्या, हनुमान टाइप करत होता. या बारवेवर वाटसरूंसाठी रोज दिवा लागावा म्हणून गावच्या तेलिणीने घाण्यामागे एक पळी तेल लावून दिले आहे. सूर्यचंद्र आहेत तोवर हे चालावे. हा दगड जो हलवील, जो फोडील, त्याच्या आईला... इथे हनुमानची बोटे थांबली. त्याने शेवटची ओळ फोटोत लावून पाहिली, मग खालच्या गाढवाकडे पाहिले, आणि त्याचे कान लाल झाले.

"मॅडम, ह्ये टाइप करू?"

"दगडावर आहे तसे. आणि ही ओळ सर्वांत मोठ्या अक्षरांत."

अशा दगडांना गधेगाळ, म्हणजे गाढवाची शिवी, म्हणतात. त्यांच्यावरची शिवी ही शिवी म्हणून वाचू नये, ते त्या काळच्या कायद्याचे दंडकलम आहे, जनतेच्या अंधश्रद्धेशी त्याचा संबंध जोडणे हे आळशी वाचन होय, असे बाईंनी चार परिषदांत ठणकावून सांगितले होते. आता तेच कलम फूटभर उंचीच्या लाल अक्षरांत लावायला त्या निघाल्या होत्या. त्यांना शरम वाटायला हवी होती. वाटली नाही. कायदा वाचून कोणी थांबत नसेल तर त्याची शिवी वाचून थांबेल, हा हिशेब आठशे वर्षांपूर्वी कोणीतरी शांत डोक्याने केला होता, आणि तो माणूस उंबरदऱ्याला बाईंपेक्षा अधिक ओळखत होता.

हनुमानने सवयीने विचारले, शुभेच्छुक कोण टाकू?

"शुभेच्छुक कोणी नाही," बाई म्हणाल्या. "खाली लिही: छायाचित्र, कावेरी रेवणप्पा. पावणेतीन मेगापिक्सेल."

सोमवारी उजाडताच सुंदरबाई आणि मंजुळाबाईने बांबू रोवले. बारवेच्या वाटेवर आता दोन फ्लेक्स शेजारी शेजारी उभे होते, एकाच मापाचे. एकावर अण्णा, कपाळावर कॅमेऱ्याच्या दिव्याचा पांढरा डाग घेऊन हात जोडलेले. दुसऱ्यावर दगड, आठ ओळी, आणि दोन उभे कान.

दूध घालायला निघालेली माणसे थांबली. शाळेला निघालेल्या पोरींनी वरच्या ओळी मोठ्याने वाचल्या आणि शेवटच्या ओळीला तोंडावर हात ठेवले. सात वाजता आश्रुबा आपल्या दोन माणसांसह, छिन्न्या आणि घण घेऊन आला. तो चौथीपर्यंत शिकलेला होता. त्याने फ्लेक्सवरची दगडाची अक्षरे पाहिली, मग दगडाजवळ जाऊन बोट खाचेत घातले. पुन्हा फ्लेक्सकडे, पुन्हा दगडाकडे. दगडाशी ज्याचा जन्म गेला त्या बोटाला कोणत्याही कॅमेऱ्याचा दाखला लागत नव्हता. शेवटच्या ओळीपर्यंत त्याने बोट नेले आणि उचलले.

अण्णा आले तेव्हा घण जमिनीवर होता. त्यांनी शांतपणे सांगितले की हे सगळे मॅडमनी संगणकावर केलेले आहे, सरकारी कागदावर मजकूर नाही असे स्पष्ट आहे, तेव्हा कामाला लागावे.

"कागदावर नसंल, अण्णा," आश्रुबा म्हणाला. "दगडावर हाय. मी हात लावून बघितलं."

"आरं, ते आठशे वर्सामागचं."

"माजी माय आजची हाय. जिती हाय." त्याने घण उचलून अण्णांपुढे धरला. "पयला घाव तुमी घाला. मग म्होरचं मी बघतो."

अण्णांची आई वत्सलाबाई ऐंशीच्या घरात होती आणि या क्षणी दोन गल्ल्या पलीकडे अंगणात ऊन घेत बसली असेल, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. अण्णांनी घणाकडे पाहिले. मग लाल ओळीकडे. ती ओळ त्यांनी ओठ हलवत, मनातल्या मनात, शेवटपर्यंत वाचली. बाईंनी उभ्या आयुष्यात कोणाला एखादा शिलालेख इतक्या लक्षपूर्वक वाचताना पाहिले नव्हते.

"आता दिसतो का, अण्णा?" त्यांनी विचारले.

कमानीला शहाबादी फरशी लावू, ती दिसायलाही बरी, असे अण्णा आपल्या माणसाला सांगत गाडीत बसले.

दुपारी उत्तरेश्वराची जीप आली. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. तो बराच वेळ फ्लेक्ससमोर रेंगाळला आणि मग, ओशाळलेला, बाईंजवळ येऊन म्हणाला की एक मार्ग आहे. भर उन्हात, दिवा न लावता, त्याने आपल्या बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने या फ्लेक्सचाच फोटो काढला तर तो अटीत बसतो. मग रकान्यात मजकूर आढळला असे लिहायला हरकत नाही.

बाईंनी त्याच्याकडे पाहिले. पावणेतीनने पाहिलेले बाराने पाहिले की सरकारला दिसणार होते. यावर हसावे की तीस वर्षांच्या अध्यापनाचा राजीनामा मागे जाऊन द्यावा, हे त्यांना पटकन ठरवता येईना.

"काढ," त्या म्हणाल्या.

उत्तरेश्वर सात पावले मागे गेला आणि कॅमेरा डोळ्यांसमोर धरला. सर्वांत खालची, आकड्याची ओळ चौकटीबाहेर जावी म्हणून तो हात किंचित वर उचलतो आहे, हे बाईंना त्याच्या मनगटावरून कळले. परीक्षेत कॉपी करणारा हात त्या तीस वर्षे ओळखत आल्या होत्या.

"खाली घे," त्यांनी सांगितले. "माझे नाव आणि आकडा, दोन्ही आले पाहिजे."

त्याने कॅमेरा खाली घेतला.