ऐंशी लिटर खारं पाणी

आकांक्षाने बाही दंडापर्यंत सरकवली आणि हात दवाखान्यातल्या माशांच्या टाकीत घातला. लाल शेपटीचा गोबी मासा मरून मागच्या दगडाच्या कपारीत अडकला होता. जाळीने निघेना, म्हणून तिने तो दोन बोटांनी हळूच ओढून काढला. त्याचे पर कुरतडलेले होते. मोठा निळा टँग सकाळीच मेला होता. अंगभर पांढरे ठिपके घेऊन तो टिश्यूवर पडला होता. टाकीत आता फक्त चार डॅमसेल उरले होते, बोटाएवढे, निळेशार, आणि अजूनही एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे.

"दोन्ही मेले?" मागून आवाज आला. नऊ वर्षांची उर्वी दातांच्या तारेसाठी माप द्यायला आली होती. शेजारी तिची आई मोबाइल मांडीवर ठेवून बघत होती.

आकांक्षा उत्तर देणार इतक्यात डॉक्टर देवदत्त विजयकर ग्लोव्ह्ज काढत बाहेर आले. टिश्यूकडे बघून त्यांनी च्‌च्‌ केलं.

"आमच्या आकांक्षाने खाणं जरा जास्तच घातलं," ते उर्वीच्या आईकडे बघून हसले. "लाड नडले, दुसरं काय!"

उर्वीच्या आईनेही हसून मान हलवली. आकांक्षाच्या कानशिलांपर्यंत ऊन चढल्यासारखं झालं. तिने टिश्यू मुठीत धरला, आत गेली आणि नळ पूर्ण सोडला. हात धुऊन झाले तरी बंद केला नाही.

दादरच्या त्या दातांच्या दवाखान्यात आकांक्षा मदतनीस होती; टाकी ठेवायची हौस डॉक्टरांची, राबणं तिचं. सहा आठवडे टाकीत नुसतं खारं पाणी आणि दगड होते. पेशंट विचारायचे, मासे कुठे आहेत? आकांक्षा रोज सकाळी काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायची. पाण्यातला विषारी अंश संपल्याशिवाय मासा सोडायचा नाही, हे तिला परळच्या शोभेच्या माशांच्या दुकानातल्या दीपकदादांनी शिकवलं होतं. काय आणायचं, तेही दोघांनी ठरवलं होतं. आधी एक गोबी, कारण तो भित्रा. त्याला घर आधी मिळायला हवं. दोन आठवड्यांनी क्लाउनफिशची जोडी. बस्स.

"ऐंशी लिटरमध्ये तीनच," दीपकदादा म्हणाले होते. "चौथा आणलास तर दुकानात पाऊल ठेवू नकोस."

गोबी आला, चार दिवसांनी दगडाबाहेर पडला, आठव्या दिवशी तिच्या बोटांजवळचं खाऊ लागला. आणि रविवारी डॉक्टरांनी भलत्याच दुकानातून पाच मासे आणून एकदम सोडले. सोमवारी ती पर्सही न ठेवता त्यांच्या केबिनमध्ये गेली होती.

"सर, हा टँग परत द्या. त्याला याच्या पाचपट टाकी लागते. आणि हे डॅमसेल गोबीला जगू द्यायचे नाहीत."

"अगं, तीन मरतुकडे मासे काय बघायचे लोकांनी? तू पाणी बघ."

तिने पाणी बघितलं. मंगळवारी बदललं, बुधवारी बदललं. नळीतला रंग हिरवा तो हिरवाच, म्हणजे विष उतरत नव्हतं.

मासे मेले त्या संध्याकाळी लालबागच्या खोलीत तिने ताट पुढे सरकवलं आणि नोकरी सोडायची म्हणाली, तेव्हा आई, मीराबाई, भाकरी थापता थापता थांबली.

"माशापायी नोकरी सोडतलस?"

"माशापायी नाय गो. सगळ्यांदेखत माका खोटी पाडल्यान."

"मग थयच सगळ्यांदेखत बोलाचा होता."

आकांक्षाने भाकरीचा तुकडा मोडून तसाच ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून ती डॉक्टरांशी कामापुरतं बोलू लागली. अवजारांचा ट्रे हातात देण्याऐवजी टेबलावर आपटायची. डॅमसेलना वेळेवर खाणं घालायची, पण टाकीसमोर उभी राहायची नाही. पुढच्या सोमवारी डॉक्टरच तिच्या टेबलाशी आले.

"सोड ना आता. पेशंटसमोर दुसरं काय सांगणार होतो मी? हे डॅमसेल देऊन टाक कोणाला तरी आणि तुला हवे ते मासे आण."

"नको."

"म्हणजे?"

"म्हणजे नको, सर."

गुरुवारी उर्वी तार बसवून घ्यायला आली. आल्या आल्या ती टाकीच्या काचेला नाक लावून उभी राहिली.

"हिने घरी हट्टच धरलाय," तिची आई डॉक्टरांना म्हणाली. "समुद्रातलेच मासे हवेत. कुठले आणू सांगा."

"आकांक्षाला विचारा," आतल्या खोलीच्या दारातून डॉक्टर म्हणाले. "तिला सगळं ठाऊक आहे."

ते मऊ आवाजात बोलले होते. तिच्याकडे बघूनही.

"हिला?" उर्वीच्या आईला हसू आलं. "मागच्या वेळी हिनेच तर…"

आकांक्षाने पेनाचं टोपण लावलं. पेन टेबलावर ठेवलं.

"सर, आधी तुम्ही सांगा यांना. मासे कशाने मेले."

वेटिंग रूममधल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पेपर खाली केला. डॉक्टरांनी मास्क हनुवटीखाली ओढला.

"चूक माझी होती," ते म्हणाले. "मी एकदम पाच मासे आणून सोडले; हिने परत करा म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. खाण्याचं ते… तसं काही नव्हतं."

"अगं बाई," उर्वीची आई पुटपुटली आणि पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

आकांक्षाला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीतलं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. उर्वी काचेपासून वळली होती आणि तिच्याकडे टक लावून बघत होती.

"मग ताई, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

विचारण्यात खोच नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आकांक्षाने डॉक्टरांकडे बघितलं, मग टेबलावरच्या अपॉइंटमेंटच्या वहीकडे.

"घाबरले," ती म्हणाली.

उर्वीने मान डोलावली, जणू हे तिला माहीत होतं.

"चला, उर्वी," डॉक्टर घाईने म्हणाले. "खुर्ची तयार आहे."

उर्वी निघाली. आकांक्षाने तिच्यासाठी शेजारचं स्टूल ओढलं.

"पाच मिनिटं थांबा, सर," ती म्हणाली. "माझं उर्वीशी माशांबद्दल बोलणं व्हायचंय."