ओला तुकडा कोणी टाकला?

चौकशी अधिकारी साहेब, अपघाताच्या अहवालात तुम्ही खोटं लिहिलंत. तळणघरात पाऊलही न टाकता, खुर्चीत बसून लिहिलंत, 'कामगाराने ओला मासा तापलेल्या तेलात टाकला. निष्काळजीपणा.' खाली शिक्का मारलात आणि मोकळे झालात.

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. माझा एक कान वाकडा आहे, बूड काळंठिक्कर आहे. भट्टीत जन्मले आणि भंगाराच्या ढिगात जाऊन पडले. तिथून मला एका माणसानं उचललं. टिचकी मारून माझा आवाज ऐकला आणि म्हणाला, "ही सावकाश तापेल, पण दगा देणार नाही."

तो मासे तळायच्या दुकानात आचारी होता. दिवसभर तिथल्या विजेच्या तळणीवर राबायचा आणि सुटीच्या दुपारी लेकीसाठी घरी तेच तळायचा. अगदी दुकानासारखं, चावलं की शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असं कुरकुरीत.

आधी तो तुकडे मांडायचा आणि एकेक तुकडा फडक्यानं तीनदा दाबून पुसायचा. मग कोरडं पीठ. मग बाटलीतल्या गारढोण सोड्यात कालवलेल्या पिठात बुचकळी. तेलात पिठाचा थेंब टाकायचा. तो बुडून लगेच वर आला की झाऱ्यानं माझ्या काठावर दोनदा टकटक करायचा, मग तुकडा अलगद तेलात. तळलेलं जाळीवर निथळत ठेवायचा. "कागदावर ठेवलंस की त्याला घाम फुटतो," असं लेकीला बजावायचा.

दुकानातले त्याला 'फडकं मास्तर' म्हणून चिडवायचे. बायको म्हणायची, "अहो, मासा आहे तो, नवरदेव नाही. किती पुसाल?"

"तेल-पाण्याचं भांडण लागलं की मधला माणूस मरतो," तो म्हणायचा.

शेवटच्या सुटीला तो तुकडे पुसत होता. "तळणीचं बटण मेलंय," म्हणाला. "तेल तापतच जातं, थांबत नाही. मालकाला तीनदा सांगून झालं."

चौथ्या दिवशी तो घरी आला नाही. तळणीतलं तेल भडकून तो गेल्याची बातमी आली. मागोमाग तुमचा कागद आला.

मला ओट्याखाली ढकललं गेलं. मी गंजले. आई म्हणायची, "असेल गं चुकला. माणूसच तो." लेक दातओठ खायची, पण बोलणार काय? तिनं थोडंच पाहिलं होतं?

एका दुपारी तिनं मला बाहेर ओढलं, गंज घासला, तेल ओतून चुलीवर चढवलं. तुकडे धुऊन ताटात ठेवले आणि सोडा आणायला बाहेरच्या खोलीत गेली. पुसायचं राहूनच गेलं.

खिडकी बंद होती. वारा नव्हता. खिळ्यावरचं फडकं हललं, खाली उतरलं, तुकड्यावर आलं आणि दबलं. तीनदा. मग पुढच्या तुकड्यावर. हात दिसला नाही, मित्रांनो. पण फडक्यात बोटांचे पाच खळगे पडत होते. जाळावर असूनही माझ्या अंगावर काटा आला.

लेक परतली. "आई, तुकडे तू पुसलेस?"

"मी इथं कपडे वाळत घालतेय. मला काय चार हात आहेत?"

लेकीनं फडकं उचललं. ओलंचिंब होतं. तिनं तुकडे चाचपले, सगळे कोरडे. मग तिनं एक कोरडा तुकडा मुद्दाम नळाखाली धरला आणि तसाच, पाणी ठिबकत असताना, चिमट्यानं माझ्याकडे आणला.

हात खाली येईना. मनगट कोणीतरी धरावं तसा चिमटा हवेतच अडकला. तिच्या कातडीवर बोटांचे पांढरे वळ उमटले.

"बाबा, हात सोडा," ती हळूच म्हणाली. "पुसते मी."

मनगट सुटलं. तिनं तुकडा तीनदा पुसला, पिठात बुडवला. तेलात थेंब टाकला, तो वर आला. आणि माझ्या काठावर टकटक झाली. दोनदा. झारा खुंटीवर होता.

दारात आई उभी होती. तिनं खुंटीवरच्या झाऱ्याकडे पाहिलं. "नव्हता गं चुकला," म्हणाली. "आणि मीसुद्धा त्या कागदावर विश्वास ठेवला."

मित्रांनो, घरी मासा तळाल तेव्हा आधी तुकडा पुसा. आणि ज्यानं हे शिकवलं त्याच्याकडे कोणी बोट दाखवलं, तर गप्प बसू नका.

साहेब, मेल्यावरही जो ओला तुकडा तेलात जाऊ देत नाही, त्यानं जिवंतपणी तो टाकला कसा? त्या बटणाबद्दल तुमच्या कागदात एक अक्षर का नाही? आज त्याच तळणीपुढं दुसरा कोणीतरी उभा आहे. तेल तापतंय. बोला, साहेब. उत्तर द्या.