दक्षिणेची रिकामी ओळ

मित्रांनो, खुंटीवर टांगलेली मला पाहून कुणालाही मी बैल बांधायची साखळी वाटते. पण मी मोजणीची साखळी आहे. तेहेतीस फूट लांब, सोळा आण्यांची. दर आण्याला पितळेची खूण आणि दोन्ही टोकांना पितळी मुठी. माझ्याएवढी लांबी आणि माझ्याएवढीच रुंदी, की झाला एक गुंठा. पुण्याच्या एका कारखान्यात माझ्या कड्या वळल्या आणि पुढची वीस वर्षे मी अनंतराव मोजणीदारांच्या खांद्यावरून सातारा जिल्हा पायी हिंडले. घरी त्यांना अण्णा म्हणत. मीही तसेच म्हणते.

अण्णा भित्रे होते. माझी एक मूठ नेहमी त्यांच्या हातात असे, म्हणून मला ठाऊक. कुणी आवाज चढवला की त्यांचा हात थरथरे आणि तो कंप कडीकडीतून माझ्या दुसऱ्या टोकाला पोचे. मलाही एक भीती होती. ओढून ओढून एखादी कडी उघडली, की मी लांबते आणि कुणाची तरी जमीन खोटी मोजते. दरवर्षी अण्णा मला कचेरीच्या आवारातल्या दोन दगडांमध्ये ताणून तपासत. "खरी आहे," असे ते पुटपुटले की माझा जीव भांड्यात पडे.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. कृष्णाकाठच्या एका गावात म्युनिसिपालटीने कुस्तीचे मैदान बांधायचे घाटले. अध्यक्ष लालासाहेबांनी तो विषय उचलून धरला. गावही खूश होते. पैलवान मानसिंग तर माझे दुसरे टोक धरायला आपण होऊन आला. "भाऊसाहेब, पावसाळ्याआदी माती पडू द्या," तो अण्णांना म्हणाला. "देवळामागं लोळून लोळून पाठीत खडं रुतलं."

जागा ठरली होती मनुबाई नावाच्या म्हाताऱ्या विधवेचा माळाचा तुकडा. मोजणीची एक रीत असते. तुकड्याच्या चारी बाजूंचे लगतवाले, म्हणजे शेजारच्या जमिनींचे मालक, बोलवायचे, एकेकाने आपल्या हद्दीवर उभे राहून 'ही माझी हद्द' म्हणायचे आणि ती चारी नावे नकाशाखाली लिहायची. त्याला चतुःसीमा म्हणतात.

उत्तरेला ओढा होता. पश्चिमेला लालासाहेब स्वतः उभे राहिले. अण्णांनी पूर्वेचे नाव पुकारले. ते लालासाहेबांच्या पत्नीचे निघाले.

"तितंबी आमीच," म्हणत लालासाहेब चालत पलीकडे गेले.

दक्षिणेचे नाव त्यांच्या मुंबईतल्या मेव्हण्याचे. लालासाहेब घाम पुसत तिकडेही गेले.

मनुबाई बांधावर बसून बघत होती. ती म्हणाली, "आवं लालासाहेब, किती बाजूंनी हुबं ऱ्हानार? दमशिला की! माजा तुकडा आकाड्याला, आन् रस्ता, दुकानं समदी तुमच्या माळावर व्हय?"

लोक हसले. लालासाहेब हसले नाहीत. मग कुणीच हसेना. मानसिंगने माझी मूठ हळूच खाली ठेवली.

गर्दी पांगल्यावर लालासाहेब अण्णांजवळ आले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता.

"भाऊसाहेब, तिन्ही अंगाला नुसता 'माळ' ल्ह्या. माळाला काय नाव असतंय व्हय?"

"चतुःसीमा नावानिशी लिहावी लागते, साहेब," अण्णा कसेबसे म्हणाले.

"लागती की. पोरगी तुमची इंग्रजी शाळंत जाती न्हवं? हुशार हाय म्हनं. माण तालुक्यात बदली झाली तर तितं पोरींची शाळा न्हाई. मी आपलं सांगतोय."

त्या वाटेने घरी येताना मी अण्णांच्या खांद्यावर सारखी किणकिणत होते. रस्ता सपाट होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा नकाशा घेऊन बसले. त्यांची मुलगी शरयू नेहमीप्रमाणे लिहिलेले ताडून पाहायला शेजारी आली. आई गेल्यापासून ते काम तिचेच होते. अण्णांनी उत्तर लिहिली, पूर्व लिहिली, पश्चिम लिहिली. मग टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून बसले. दक्षिणेचे नाव पडले की तिन्ही अंगांची जमीन लालासाहेबांच्याच घरची, हे कागदावर उघड होणार होते. दाराशी कुणी खाकरले तरी दचकत होते.

"अण्णा, दक्षिणेची ओळ रिकामी आहे."

"असू दे."

"लगतवाला आला नव्हता का?"

"आला होता." त्यांनी टाक खाली ठेवला. "शरू, हे नाव लिहिलं तर तुझी शाळा सुटेल."

ती तेव्हा चौदा वर्षांची होती. घाबरली. तिचा हात माझ्या गुंडाळीवर होता आणि कंप मला कळला, अगदी बापासारखा. मग तिने दौत त्यांच्याकडे सरकवली.

"पुस्तकं घेऊन जाऊ, अण्णा. नाव लिहा."

त्यांनी लिहिले. अक्षर वाकडे आले, पण नाव पुरते आले.

नकाशाच्या तिन्ही बाजूंना लालासाहेबांच्याच घरची नावे पाहून वरच्या साहेबांनी त्यांना मैदानाचा विषय असेल त्या सभेत बसायची मनाई केली. मैदान पुढे नदीकडच्या सरकारी पडीक जमिनीवर झाले. पहिल्या कुस्तीला मनुबाईने नारळ फोडला म्हणे. आम्ही ते पाहिले नाही. बदलीचा कागद महिन्यातच आला होता. माणच्या उन्हात मी नऊ वर्षे माळ मोजले. शरयू घरी वाचत राहिली आणि दोन वर्षे उशिरा साताऱ्याला जाऊन मॅट्रिकच्या परीक्षेला बसली. पास झाली.

आता फितीने मोजतात. मी खुंटीवर असते. गेल्या श्रावणात अण्णा गेले. त्यानंतर शरयूने मला खाली काढले आणि एकेक कडी तेलाने पुसली. अण्णा धरत ती मूठ मात्र तिने पुसली नाही. तिथे त्यांच्या घामाचा काळा डाग आहे, तो राहू दिला.

मित्रांनो, जुन्या साखळीला तेल दाखवत जा; न दिसणाऱ्या सांध्यातच गंज आधी धरतो. आणि गावासाठी कुणी काही मोठे करू लागला, तर त्याला आधी आपल्या हद्दीवर उभे राहायला सांगा. हात कापेल. कापू द्या. पण ओळ रिकामी ठेवू नका.