ढुंढिराजांच्या वतीने

यजमान पुण्यात असो की कॅनडात, पंचवटीतले ढुंढिराज गुरुजी त्याच्या वतीने नाव-गोत्र उच्चारून जपाला बसत आणि ज्याचं पुण्य त्याला बिनचूक पोचतं करत. स्वतःला मात्र काही पोचेना. दोन वर्षं मन असं विझलं होतं, की आमटीत मीठ नसलं तरी ब्र काढत नसत. ढुंढिराज आमटीला नावं ठेवत नाहीत म्हणजे दुखणं गंभीर आहे, हे त्यांच्या पत्नीने, सुधाबाईंनी, डॉक्टरांच्या आधी ओळखलं होतं.

औषधं दोनदा बदलून झाली, तेव्हा डॉक्टरांनी चुंबकाच्या उपचाराचं नाव काढलं. सुधाबाई शोधाला लागल्या. नणंदेने सिन्नरच्या एका गृहस्थाचा नंबर दिला. तो चुंबकाच्या गाद्या विकणारा निघाला. शेजारीण म्हणाली, "शॉक देतात हो, माणूस स्वतःचं नाव विसरतो." ती असल्या दवाखान्याची पायरी कधी चढली नव्हती, म्हणून तिला खात्री होती. शेवटी गंगापूर रोडला एक दवाखाना सापडला. तिथे यंत्र चालवणाऱ्या आरोहीने समजावलं: शॉक नाही, भूल नाही. जागेपणी खुर्चीत बसायचं, डोक्याला यंत्र टेकवतात, ते टकटक करतं. रविवार सोडून रोज यायचं, काही आठवडे. गुण येईलच असं नाही, पण बऱ्याच जणांना येतो.

पहिल्या दिवशी कानातली भिकबाळी उतरवून ठेवावी लागली. डोक्याचं माप घेऊन खुणांची टोपी तयार झाली. "सुतारपक्षी बसवलाय टाळक्यावर," गुरुजी बाहेर येऊन म्हणाले. त्या महिन्यातलं ते त्यांचं सर्वांत लांब वाक्य. सुधाबाईंनी ते जमेला धरलं.

तिसऱ्या दिवशी गुरुजी अंथरुणातून उठेनात. "अगं, मला नाही जमत. देवव्रत बसेल माझ्या वतीने."

थट्टा करताहेत, म्हणजे बरंच आहे, असं समजून सुधाबाई शाळेत गेल्या. त्या तिथे कारकून, आणि त्या दिवशी तपासणी होती. जाताना धाकट्या दिराला, देवव्रताला, बजावलं, "दादांना वेळेवर घेऊन जा."

देवव्रताकडे चेहरा थेट दादांचा, आळस पुरेपूर, पण भावावरचा जीव त्याहून वरचढ. त्याला थट्टा कळली नाही. तो एकटाच गेला.

दुपारी आरोहीचा फोन आला. "काकू, काकांचं डोकं मोठं झालंय का? टोपी शिरत नाहीये."

मागून आवाज आला, "वहिनी, संकल्प नीट सोडलाय, काळजी करू नका!"

सुधाबाई तपासणी अर्धवट टाकून दिराला घरी घेऊन आल्या. "भाऊजी, जप चालतो दुसऱ्याने केलेला. डोकं ज्याचं त्यालाच न्यावं लागतं!"

गुरुजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. तसेच म्हणाले, "तिथी कोणती उच्चारलीस?"

"नवमी."

"नवमी सकाळीच सरली, गाढवा! दशमी लागली."

"असेल दादा."

"असेल?" गुरुजी उठून बसले. "माझ्या नावाने संकल्प, आणि तिथी असेल?"

दोन वर्षांत ते कुणावर चिडले नव्हते. एवढा ऐवज हाती आलेला सुधाबाई वाया घालवणार नव्हत्या. "म्हणजे सगळं फुकट गेलं म्हणायचं," त्या हळूच म्हणाल्या. "आता यजमानालाच बसावं लागणार."

गुरुजींनी सदरा मागितला.

अशोक स्तंभापाशी तिघांची रिक्षा सिग्नलला थांबली तोवर राग ओसरला होता. "उद्या जाऊ गं," ते पुटपुटले. सुधाबाईंनी ऐकलंच नाही. गुरुजींचा हात तेवढा घट्ट धरला.

खुर्चीत टोपी चपखल बसली. टकटक सुरू झाली. दाराबाहेर देवव्रताने, आपली चूक भरून काढावी म्हणून, डोळे मिटून जप सुरू केला.

आतून गुरुजींचा आवाज आला. "त्याला म्हणावं, गप्प बस. इथे मी बसलोय."